कलमांचा चाकू

(कॅनडातल्या ग्वेल्फमधलं एक हार्डवेअरचं दुकान. मे २०१८, शनिवारची दुपार. चाकूंच्या काचेच्या कपाटाशी तिघं.)

शंकरराव : नको, पोरी. तो ट्रे आत ठेव तू. मी हात नाही लावत.

साक्षी : अहो काका, हात लावायला काय हरकत आहे? उघडून बघितल्याशिवाय चाकू घेतं का कोणी?

शंकरराव : वर कॅमेरा आहे.

साक्षी : तो चोरीसाठी आहे हो! चाकू बघणाऱ्यांसाठी नाही.

विशाल : बाबा, घ्या ना हातात. शी वर्क्स हिअर. ती चालतं म्हणतेय तर चालतं.

शंकरराव : तूच तं म्हणला होता, या देशात खिशात चाकू सापडला का नाव लिहून घेतात.

विशाल : सगळ्याच चाकूंबद्दल नव्हतो म्हणालो मी.

साक्षी : नाव लिहून घेतात? कोण?

विशाल : काही नाही, लाँग स्टोरी. तुम्ही जरा मॉडेल्स दाखवा ना. बाबा सोमवारी इंडियाला परत चाललेत. त्याआधी त्यांना एक चांगला फोल्डिंग नाइफ घेऊन द्यायचाय. रोज खिशात ठेवण्यासारखा.

साक्षी : एव्हरीडे कॅरी. भरपूर आहेत. काका, तुम्ही कुठले?

शंकरराव : काटोल. नागपूर जिल्हा. अन् तू?

साक्षी : निफाडची. नाव साक्षी. इथे कॉलेजला आहे, शनिवार-रविवार या दुकानात पार्ट-टाइम.

शंकरराव : द्राक्षाचा मुलूख. मंग तुले झाडाझुडपाचं कळत असन. मले सांग, इथला कायदा काय म्हणते? आधी कायदा, मंग चाकू.

विशाल : बाबा, कायदा मी सांगतो ना घरी...

शंकरराव : तू इंजिनेर आहे. तुले कोठून माहीत? तिले इचारू दे. रोज विकते ती.

साक्षी : कायदा सोप्पा आहे काका. बटण दाबलं की पातं उघडतं, तो बॅन.

शंकरराव : खटक्याचा चाकू.

साक्षी : अगदी तोच! आणि मनगटाला झटका दिला की पातं बाहेर येतं, तोही बॅन. यंदा बॉर्डरवर इतकं कडक झालंय की आमच्या मॅनेजरने अर्धं कपाट रिकामं केलं. हे उरलेत ते दोन हातांनी उघडायचे. ही खाच आहे ना, तिच्यात नख घालायचं आणि ओढायचं.

शंकरराव : अन् पात्याची लांबी? किती बोटं चालते?

साक्षी : लांबीचा देशभराचा असा आकडा नाही. लोकांना उगाच वाटतं की आहे. कशासाठी बाळगताय ते महत्त्वाचं. सफरचंद कापायला, दोरी कापायला, ठीक आहे. कोणी म्हणालं की स्वतःच्या रक्षणासाठी हवाय, तर मी विकतच नाही. आणि कोर्टात, विमानात खिशात घेऊन जायचा नाही. कॉमन सेन्स.

शंकरराव : एवढंच?

साक्षी : एवढंच.

शंकरराव : मंग... लाकडी मुठीचा, दोन हातांनी उघडणारा, तीन बोटं पातं...

विशाल : बाबा, हा बघा. लाल रंगाचा, स्विस. कात्री आहे, स्क्रू ड्रायव्हर आहे, कॉर्कस्क्रू पण आहे.

शंकरराव : कॉर्कस्क्रू काय करू? मी पीत नाही अन् तू सोडली म्हणतो.

विशाल : मग हा? याची मूठ लाकडी आहे. तुमच्या जुन्या चाकूसारखीच.

शंकरराव : माह्या चाकूचं पातं सरळ होतं. अन् मागच्या बाजूनं पितळी पट्टी होती, लहानशी, जिभेवानी. साल सोडवायले. कलमाचा डोळा भरताना साल फाटली नाही पायजे ना पोरी, नाही तं डोळा जळून जाते.

साक्षी : अय्या, ग्राफ्टिंगचा! काका, तो या कपाटात नसतो. थांबा, आणते. तो तिकडे बियांच्या पाकिटांशेजारी हुकला टांगलेला असतो.

शंकरराव : उघडा?

साक्षी : उघडाच. कुलूप कशाला? लोक टोमॅटोच्या बिया घेता घेता टोपलीत टाकतात. आणते हं.

शंकरराव : विशाल.

विशाल : हं.

शंकरराव : बियांशेजारी टांगते म्हणते.

विशाल : हो. ऐकलं मी.

साक्षी : हा घ्या. आता तरी हात लावाल? असाच होता ना?

शंकरराव : असाच. पितळाच्या जागी प्लास्टिक आहे, बाकी असाच. मंग पोरी, माहा काहून घेतला असन?

साक्षी : कोणी घेतला?

विशाल : बाबा, जाऊ द्या ना. तिला कस्टमर्स असतील.

साक्षी : नाहीये कोणी. लाँग वीकेंड आहे, सगळे कॉटेजला गेलेत. कोणी घेतला काका?

शंकरराव : बाबासाहेबांच्या जयंतीले आम्ही नॉर्थ यॉर्कले गेलो होतो. आपल्या लोकाईचा कार्यक्रम, एवढा मोठा हॉल. फोटोले घालायच्या हाराचा दोरा गुंतला. सगळे नखानं सोडवून राहिले. मी खिशातून चाकू काढला अन् दोरा कापला. मंग दोन-चार जण जवळ आले, हे काय म्हणून इचारलं. मी सांगत बसलो, जंभेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा कसा भरतात ते. जेवताना कोट खुर्चीवर होता माहा. घरी आल्यावर खिसा पाहतो तं चाकू नाही. तवा हा म्हणाला का, हॉलच्या सिक्युरिटीवाल्यानं काढून ठेवून घेतला.

साक्षी : न विचारता? कोटाच्या खिशातून?

शंकरराव : कायदा आहे म्हणे. मी म्हणलं, चाल परत, मी माफी मागतो त्याची. म्हातारा आहे, माहीत नव्हतं म्हणतो. हा म्हणाला, त्यानं माझं नाव लिहून घेतलंय, परत गेलो तं प्रकरण वाढेल.

साक्षी : असं कसं? दादा, ही तर चोरी झाली. बिनधास्त कम्प्लेंट करा. थांबा, मी आत्ता फोन लावते. हॉलचं नाव काय?

विशाल : नको. इट्स फाइन. पाच आठवडे झाले त्याला.

साक्षी : फाइन काय? त्यांची प्रॉपर्टी आहे. उद्या परवा ते जाणार, आजच मिळाला पाहिजे. नाव सांगा ना.

शंकरराव : नको पोरी, फोन नको लावू! त्याची शपथ आहे चौदा जूनले. सिटिझनशिपची. अकरा वर्षं झाली त्याले इथं येऊन. आता त्यात पोलिसाचा कागद यायले नको. म्हणून तं मी चाललो.

विशाल : म्हणून? बाबा, तुम्ही नंदनच्या मुलीच्या बारशाला चाललात ना?

शंकरराव : बारसं जुलैत आहे. नंदनले मीच सांगतलं होतं, भावाचा फोन आला तं या महिन्यात आहे म्हण.

विशाल : म्हणजे तुम्ही दोघं माझ्याशी खोटं बोललात?

शंकरराव : मंग काय करू? उद्या कोणी इचारायले आलं तं सांगता येते ना, चाकू म्हाताऱ्याचा होता अन् म्हातारा गेला गावाले. माणूसच नसन तं कोणाले धरतीन?

विशाल : आणि तुम्ही वॉकला जाणं बंद केलंत... गुडघा दुखतो म्हणालात.

शंकरराव : गुडघ्याले काय धाड भरली? कोपऱ्यावर पोलिसाची गाडी उभी असते सकाळी.

विशाल : ती शाळेपाशी स्पीड चेक करायला असते, बाबा!

शंकरराव : असन. पण मले पाहिलं का ते काच खाली करतात.

विशाल : गुड मॉर्निंग म्हणायला करतात. इथे सगळ्यांना म्हणतात.

शंकरराव : मले काय माहीत? मी आपला मान खाली घालून परत फिरलो. एकतीस वर्षं सरकारी कामावर होतो, एक मेमो नाही मिळाला मले. अन् म्हातारपणी पोराच्या देशात येऊन कायदा मोडला. झोप नाही लागत, विशाल. तुले माह्यामुळं शपथ नाही मिळाली तं काय तोंड दाखवू मी?

साक्षी : काका, तुम्ही काही मोडलेलं नाही. काहीच नाही. दादा, सांगा ना त्यांना.

विशाल : हो.

साक्षी : अहो सांगा ना.

विशाल : बाबा. चाकू कोणी घेतला नाही.

शंकरराव : म्हणजे पडला?

विशाल : मी टाकला. तुम्ही जेवत होतात तेव्हा कोटातून काढून घेतला. येताना आपण हायवेवर कॉफीला थांबलो ना, तिथल्या वॉशरूममधल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून.

शंकरराव : अन् सिक्युरिटीवाला?

विशाल : नव्हता कोणी. नावही कोणी लिहून घेतलं नाही. तुम्ही परत चला म्हणालात म्हणून ते बोललो.

शंकरराव : हं.

साक्षी : मी... मी जरा पलीकडची पाकिटं लावून येते.

शंकरराव : थांब पोरी. कोठं नको जाऊ. त्याले कायदा माहीत नव्हता, दुसरं काय. भेला असन. अकरा वर्षांची मेहनत आहे, कोणीही भेते. हो ना बे? भेला होता ना तू?

विशाल : हो.

शंकरराव : मंग झालं तं. अज्ञान आहे. चालते.

विशाल : नाही बाबा. भीती नव्हती.

शंकरराव : मंग?

विशाल : मले लाज वाटली.

शंकरराव : चाकूची?

विशाल : तुम्ही सांगत होते सगळ्याईले का, नर्सरीत रोजंदारीवर लागलो, मंग मजूर म्हणून कायम झालो, दिवसाले तीनशे डोळे भरत होतो. मंडळाचे नंदकुमार सर उभे होते, त्यांच्या मिसेस होत्या; ते मी हसण्यावारी नेलं. अन् मी त्यांना सांगून ठेवलं होतं... मी आलो तेव्हापासूनच सांगत आलोय... की माझे बाबा हॉर्टिकल्चर ऑफिसर होते.

शंकरराव : म्हणून मले ते साहेब म्हणत होते.

विशाल : हो.

शंकरराव : मले वाटलं इथं सगळ्याईलेच म्हणतात. मी मनात म्हणलं, काय चांगले लोक आहेत.

विशाल : बाबा, आय अ‍ॅम सॉरी. मला स्वतःचीच किळस येतेय. तो चाकू तुमच्या हातात दिसला की मला वाटायचं, आता कळणार, आता कोणीतरी विचारणार. डब्यात टाकल्यावर लगेच परत काढावासा वाटला होता. पण मागे एक माणूस हात धुवायला उभा होता. मी निघून आलो.

शंकरराव : त्या हॉलमध्ये मोठा फोटो होता बाबासाहेबांचा. हार घातलेला.

विशाल : हो.

शंकरराव : त्याच्यासमोर तू मले साहेब केलं.

विशाल : केलं बाबा.

शंकरराव : मी पाच आठवडे रोज सकाळी उठून मनात म्हणलं, माह्यामुळं पोराचं नुकसान झालं. रोज. चहा कपातच गार होत होता. तू समोर बसून ब्रेड खात होता.

विशाल : मला खरंच माहीत नव्हतं की तुम्ही इतकं...

शंकरराव : तू इचारलं नाही. बोलायले लागलो का फोन पाहत होता.

विशाल : तुमच्याकडे बघवत नव्हतं बाबा. म्हणून फोन बघायचो.

साक्षी : काका, पाणी आणू का?

शंकरराव : नको. हा चाकू दे इकडं. पातं पाहू दे. हं, लोखंड बरं आहे. धार काढावी लागन, कंपनीची धार कामाची नसते. हा घेतो मी.

साक्षी : विमानात चेक-इन बॅगेतच टाका हं काका. हँडबॅगेत नाही.

शंकरराव : ते माहीत आहे. येताना तसाच आणला होता.

विशाल : बाबा, तिकीट पुढे ढकलतो मी. आत्ता, इथूनच. प्लीज. शपथेला तुम्ही हवेत मला.

शंकरराव : शपथेले कोण कोण येते?

विशाल : मंडळातले सगळे. नंदकुमार सर, सगळेच.

शंकरराव : मंग तिथं कोणता बाप पायजे तुले? साहेब मी कोठून आणू?

विशाल : साहेब नको. तुम्ही या. मी सगळ्यांना फोन करून सांगतो.

शंकरराव : फोनवर सोपं असते.

विशाल : मग समोर जाऊन सांगतो. उद्याच जाऊ नॉर्थ यॉर्कला.

शंकरराव : उद्याचं उद्या. तिकिटाचंही मंग पाहू. आधी या पोरीले सांग, मी काय काम करत होतो ते.

विशाल : तिला कळलंय बाबा. इथेच उभी होती ती.

शंकरराव : ते तू मले सांगत होता. आता तिले सांग.

साक्षी : असू द्या हो काका. मला खरंच कळलंय.

शंकरराव : तू थांब.

विशाल : साक्षी... हे माझे बाबा. शंकरराव. काटोलच्या सरकारी रोपवाटिकेत मजूर होते. एकतीस वर्षं. संत्र्याची कलमं बांधायचे.

शंकरराव : मोठ्यानं सांग. या कानानं मले कमी ऐकू येते.