झोपलेल्या मारुतीला ताप

शनिवारचं सांगतो, लई भारी झालं. अप्पा आठवडाभर तापानं झोपून होते, दादानं त्यांच्या उशाशी बसूनच ऑफिसचं काम केलं. अप्पा उठले तसे आम्ही सगळे खुलताबादला, झोपलेल्या मारुतीच्या दर्शनाला.

तिथंच दादाच्या साहेबाचा फोन. "वडील कसेत? आज काम करताय ना?"

बरे म्हणावं तर फिरणं बोंबललं. दादानं फोन माझ्या हातात कोंबला. मी तो स्पीकरवर टाकून दादाच्या दोन वर्षांच्या पोरीपुढं धरला. तिनं मारुतीकडं बोट केलं अन् रडायलाच लागली, "झोपलाय. ताप आलाय. गोळी द्या त्याला."

साहेब विरघळला. "सोमवारपर्यंत लॅपटॉप उघडू नका."

अप्पा प्रसादाचं खोबरं चावत म्हणले, "अरे, साहेबाला विचार, मारुतीला कोणती गोळी द्यायची."