आज्याची गाडी

न्हाय ताई, कम्प्युटरवर बनिवल्याला न्हाय त्यो फोटो. आजकाल जो येतो त्यो हेच म्हणतो — शेट, हे मोबाईलवर केलंय, अशी गाडीच न्हाय तुमच्याकडं. अवो गाडी खरी, फोटो बी खरा. खाली नाव वाचा की — ‘कै. शंकरप्पा, आपल्या मोटारीसह’. माजा आजा. सोलापुरात मोटारी बोटावर मोजायच्या तवाची गाडी ही. नवरदेव हिच्यातनं उतरला की बँडवाल्याकडं कोण बगत न्हाय. बसा की, उभ्या कशाला? मोबाईलवर आमची जाहिरात बगून आलाय म्हणालात न्हवं? करकंबला लगीन हाय — धाकट्या बहिणीचं? पाठवतो की, करकंब काय लांब हाय. चा सांगू?

काय? कुटं बोट ठिवलंय तुमी? हां... टावर. धरलं बगा तुमी मला. आज्याच्या काळात मोबाईलचा टावर कुटनं आला, व्हय ना? इतके दिस हितं टांगलाय, कुणाच्या नजरंला पडला न्हाय, आन तुमी आल्या आल्या... बरं, आता घरच्या मानसावानी सांगतो, करकंबात बोलू नका. गाडी जुनी न्हाय, जुनी दिसती. खाली व्हॅनचं इंजिन, वर सगळं पत्राकाम. दिवं बुलेटचं. भोंगा तेवढा खरा जुना, भंगारातनं आणल्याला. फोटो म्हणाल तर गेल्याच्या गेल्या दसऱ्याचा. फोटोवाल्यानं चाच्या पान्यागत रंग दिला, कडा झिजवल्या, झालं, आजा तयार. पण कम्प्युटरचा न्हाय हं — ते म्हणू नका. गाडी ह्याच शेडम्होरं उभी हुती. बगा की, बोनेटवर झेंडूचा हार. म्होरं भुईवर पानं-पकडी, हातोडा, वेल्डिंगचा होल्डर, सगळी हत्यारं मांडून हळदकुंकू लावल्यालं, बाजूला कोहळा फोडल्याला. कम्प्युटरला खंडेनवमी काय ठावं? त्याच दिशी गाडी पुरी झाली, त्याच दिशी पूजा, आन पूजा झाल्यावर पयली चक्कर — ब्रेकची काळजी करू नका ताई, ब्रेक मागनं सगळं नवं टाकलंय. आता कुटं बी न्या, काय हुत न्हाय आता.

आत बसल्याला व्हय? आजा कुटला, आज्यानं जल्मभर टांगा हाकला. ह्यो आमचा कारागीर. फेटा बांदला, मिशी चिकटवली, माज्या लग्नातला कोट घातला अंगात — लई हसत हुता, फोटोवाला म्हणला, आज्यावानी गप बस की रं. गाडी ह्यानंच केली. एक खिळा दुसऱ्याच्या हातचा न्हाय. बिरुदेव. मेंढरामागं वाढल्यालं पोरगं, बोलनं कमी, पर पत्र्याला हात लावला की पत्रा ऐकायचा त्याचं... फोटोवरचा हार? त्यो चंदनाचा हाय. कैलासवासी म्हणल्यावर हार नको? गिऱ्हाइकाला पटाय पायजे की. उदबत्ती बी त्यासाटीच. रोज मीच लावतो, दुसऱ्या कुणाला लावू देत न्हाय. हापिसाला सुट्टी असली तरी येतो, शटर उगडतो, लावतो आन जातो. अमुशाला नारळ. आता तुमी म्हणाल, सुट्टीच्या दिशी गिऱ्हाईक कुटलं? न्हाईच की गिऱ्हाईक. पर कुणीतरी लावाय पायजे. त्याचं हितं कोण हाय दुसरं... आज्याचं म्हणतो मी. आज्याचं.

बिरुदेव व्हय? त्यो आता कुटं असायचा, पुण्याला गेला की. काम सोडून गेला — गणपती बसायच्या आदीच गेला. सांगून सुदिक गेला न्हाय. त्याची आई आलती, केराबाई, ह्याच बाकावर बसून हुती सांजपतूर. तवा ह्यो फोटो टांगल्याला नव्हता. तिलाबी हेच सांगितलं, गणपतीच्या आदीच गेला म्हणून, पोलिसात बी तेच लिवून दिलं...

काय झालं? अशा काय बगताय? बोललात तर कळंल की.

हां. गणपती आदी, दसरा मागनं. बरोबर हाय. मग दसऱ्याचा नसंल फोटो. गणपतीतलाच असंल. माजी गल्लत झाली, वय झालं आता. झेंडू काय गणपतीत मिळत न्हाय? मिळतो. हत्यारं... हत्यारं फोटोवाल्यानं मांडली असतील, त्याला आसली लई हौस. आन कोहळा — अवो ताई, किती येळ बगनार त्या फोटोकडं? लगीन बहिणीचं हाय का फोटोचं?

एक इचारू? नवरदेव कुटला ते सांगितलं न्हाय तुमी. वरात कुटनं निघनार, ते न्हाय. भाडं बी इचारलं न्हाय. माज्या दारात आल्यालं गिऱ्हाईक पाय आत टाकायच्या आदी भाडं इचारतं. तुमी आल्यापास्नं नुसत्या फोटोम्होरं उभ्या... शिवा शिवा. कपाळ त्याचंच हाय की. मगाशीच कळाय पायजे हुतं मला. लगीन बिगीन काय न्हाय. बिरुदेवाची बहीण तुमी. व्हय ना?

नका बोलू. कळलं. ताई, तुमची आई त्या दिशी उटून गेली तवा मला घास गेला न्हाय. हे तेवढं खरं सांगतो, इस्वास ठिवा न्हायतर नका ठिवू. पर त्यो मोबाईल खाली घ्या. फोटोचा फोटो काडायचा न्हाय हितं. काडला असंल तर पुसून टाका, माज्याम्होरं पुसा. गाडी तुमाला मिळायची न्हाय, सगळ्या तारखा गेल्यात. जावा तुमी. तिकडनं नका जाऊ, मागं जुनी खाण हाय, पान्यानं भरल्याली, तिकडं कोण जात न्हाय आता. म्होरल्या दारानं जावा.

थांबा जरा. हितं येताना घरी कुणाला सांगून आलाय का तुमी?