चांगुणाबायचा अर्धा धवला

मंडळी, जरा पुढं सरका. भिंतीला टेकून बसलेत त्यांनी तर नक्कीच सरका, तिकडं डोळा लागतो. आज मी तुम्हाला एकच प्रश्न विचारणार आहे. सोपा आहे, घाबरू नका. गाणं राहतं कुठं?

हसताय काय? सांगा की. धान्य कणगीत राहतं, पाणी विहिरीत राहतं, नवरा घरात राहतो — बायको ठेवील तोवर. मग गाणं? काय म्हणालात? फोनमध्ये? बरं. रागावत नाही मी. हेच उत्तर एका घरात दिलं गेलं होतं, त्याचं पुढं काय झालं ते आज ऐका. हसायचं तेवढं आत्ताच हसून घ्या, पुढं फारसं जमणार नाही.

खाडीकाठचं एक आगरी गाव. नाव सांगत नाही. तुमचेच सोयरे निघतील तिथले, आणि बाहेर माझ्या गाडीची हवा काढतील. त्या गावात चांगुणाबाय नावाची धवलारीण होती. आता धवलारीण म्हणजे कोण, हे म्हाताऱ्या मंडळींना सांगायला नको, पण या पुढं बसलेल्या पोरांसाठी सांगतो. तिकडं लग्न लागायचं ते तिच्या तोंडून! मांडव घातला — धवला. हळद लागली — धवला. नवरी निघाली — धवला. ती गाणार, मागच्या बाया तिची ओळ उचलणार. नवरदेव ताटकळला तर ताटकळला. गाणं संपेस्तोवर कुणी जागचं हलायचं नाही.

चांगुणाबायचा नवरा लवकर गेला, पदरी मूल नाही. भावाकडं राहायची. भाऊ बाळाराम, आणि त्याची एकुलती पोर हर्षाली. त्या पोरीवर हिचा फार जीव. पोर पण आत्याच्या मागं मागं.

तिचे सगळेच धवले चांगले, पण गाव वेडं होतं ते पाठवणीच्या धवल्यापायी. तिच्या आईनं तिला दिलेला. नवरी उंबऱ्याशी उभी राहायची आणि चांगुणाबाय सुरू करायची —

हात लाव गो बायो उंबऱ्याला,
तुझ्या बापानं बांधला, आयनं सारवला.

मग चुलीचा निरोप. मग रांजणाचा. मग अंगणातल्या शेवग्याचा, गोठ्यातल्या वासराचा. एकेकाला पोर सोडत जायची आणि सगळा मांडव रडायचा. पुरुष माणसं उगाच मांडवाच्या दोऱ्या तपासायची. आणि अगदी शेवटी एक ओळ यायची. ती ओळ झाली की नवरीनं पाऊल बाहेर टाकायचं. त्याआधी नाही. बाप म्हणाला तरी नाही, नवरा म्हणाला तरी नाही. पोरीला घरातून सोडवणारी ती ओळ.

चांगुणाबाय हर्षालीला हा धवला शिकवत होती. कसा? चुलीपाशी, भाकऱ्या थापताना. "म्हन गो." पोर म्हणायची. चुकली की आत्या पिठाचा हात गालाला लावायची. शेवग्यापर्यंत पोर आली होती. वासरू आणि शेवटची ओळ राहिली होती.

आणि एका लग्नात हर्षालीनं फोन धरला. वाईट बुद्धीनं नव्हे हं, कौतुकानं! हात भरून आले तरी धरून राहिली, अख्खा धवला घेतला. घरी येऊन तो लोकांना दाखवायला बसली. पण मंडळी, एवढं लांब ऐकतो कोण? तुम्ही ऐकता? खरं सांगा. गाणं सुरू झालं की अंगठा पुढं. ते नको, दुसरं. दुसरं नको, तिसरं. दात घासून होईस्तोवर पाच गाण्यांची तोंडं बघून होतात, आणि एकाचंही पोट दिसत नाही. पोरीला हे ठाऊक होतं. तिनं पहिल्या दोन ओळी ठेवल्या, बाकीचं कापलं. दोन ओळी संपल्या की पुन्हा त्याच सुरू.

चाललं ना! असं चाललं की विचारू नका. कुणीतरी गाण्याखाली ढोल घातला, कुणी त्यावर नाचलं. हळदीत नाचले, बोटीवर नाचले, बारशात पण नाचले. पाठवणीचं गाणं, बारशात!

हर्षाली धावत आली. "आत्या, किती लोकांनी तुला ऐकलं, ठाव हाय? लाखावर गेलं."

चांगुणाबाय तोंडाला पदर लावून म्हणाली, "अगो, एवढ्या पोरींची लग्नं हायत?"

पोर हसली. आत्यानं मग हळूच विचारलं, "म्हंजे मी मेले तरी माजा धवला ऱ्हाईल?"

"ऱ्हाईल की. आता कुठं जातोय?"

त्या संध्याकाळी चुलीपाशी आत्या म्हणाली, "म्हन गो." पोर म्हणाली, "आता फोनात हाय ना, आत्या. पाठ कशाला करायचा?"

मंडळी, आत्या रागावली असेल असं वाटतं तुम्हाला? नाही हो. खूश झाली ती. तिला काय माहीत आत दोनच ओळी आहेत? तिनं पोरीला अख्खा धवला घेताना बघितलं होतं. तिला वाटलं, आईची ठेव जागेवर पोचली. म्हणाली, "बरं झालं. माज्या डोस्क्याचं ओझं गेलं." आणि त्या दिवसापासून तिनं पोरीला पुन्हा "म्हन" म्हटलं नाही.

हळूहळू तिला लग्नांची बोलावणी येईनात. कशाला येतील? स्पीकर होता. एका श्रीमंताच्या लग्नात बोलावलं, नवं लुगडं नेसवलं, दारात उभं केलं. तिनं गळा साफ केला. तर कॅमेरेवाला म्हणतो, "मावशी, आवाज स्पीकरवर लावलाय. तुम्ही नुसतं तोंड हलवा."

तिनं हलवलं. घरी येऊन जेवली नाही.

पुढच्या सालात तिला झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. जीव वाचला. सगळं कळायचं, सगळं ऐकू यायचं, बोलता येत नव्हतं. आणि त्याच सालच्या वैशाखात हर्षालीचं लग्न ठरलं.

पोर म्हणाली, "बाबा, माजी पाठवनी आत्याच्या धवल्यानंच व्हईल." बाळाराम म्हणाला, "तुज्या फोनात हाय ना?" पोरीनं फोन चाळला. अख्खा धवला फोनात नव्हता. मध्यंतरी फोन भरला होता, जागा करायला लांबलांब व्हिडिओ तिनं पुसले होते. छोटा ठेवला, तो लोकांना आवडलेला म्हणून. मग तिनं घरोघर विचारलं. सगळ्यांच्या फोनात होता, पण तिनं पाठवलेला, दोन ओळींचा तोच. शेवटी ती सीताबायकडं गेली. ही चांगुणाबायच्या मागं आयुष्यभर गायलेली. म्हातारी म्हणाली, "पोरी, आमी मागं म्हननाऱ्या. ती वडायची, आमी उचलायचो. फुडं काय हाय, ते तिलाच ठाव." म्हातारीला शेवगा आठवत होता, वासरू आठवत होतं. शब्द आठवत नव्हते.

लग्न झालं. संध्याकाळी पाठवणी. चांगुणाबायला खुर्चीवर दाराशी आणून बसवलं. हर्षाली उंबऱ्याशी आली आणि कुणीतरी फोनातला धवला लावला. हात लाव गो बायो उंबऱ्याला. पोरीनं वाकून हात लावला. तुझ्या बापानं बांधला, आयनं सारवला. आता चूल यायची. चूल आली नाही. हात लाव गो बायो उंबऱ्याला — पुन्हा! पोरीनं पुन्हा हात लावला. पुन्हा तेच. पाहुण्यांतला एकजण हसला, दुसऱ्यानं त्याला डोळ्यांनी दटावलं. गाणं तिला उंबऱ्याशी बोलवत होतं आणि तिथून सोडवत नव्हतं.

तिनं तो फोन बंद केला. स्वतः म्हणायला लागली. चूल म्हटली, रांजण म्हटला, शेवग्यापर्यंत आली आणि थांबली. शालूसकट आत्याच्या पायाशी बसली, तिच्या तोंडाला कान लावला. "आत्या, फुडची ओळ सांग. एकच सांग. शेवटची."

चांगुणाबायचे ओठ हलले. आत सगळं होतं, मंडळी! वासरू होतं, ती ओळ होती, आईनं दिलेला सूर होता. बाहेर नुसता श्वास आला. डावा हात तिनं पोरीच्या गालाला लावला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. वरातीला उशीर होत होता. बाळाराम म्हणाला, "चल, बाय. किती वेळ?" आणि पोर गेली. ओळ न होता गेली.

पावसाळा संपता संपता चांगुणाबाय वारली.

हे मला कुणी सांगितलं? हर्षालीनंच. तिच्या सासरच्या गावात माझं कीर्तन होतं. सगळे उठून गेले तरी ती बसून राहिली. म्हणाली, "महाराज, सासरी माजं काय वाईट नाय. नवरा चांगला हाय. पन मी अजून त्या उंबऱ्यातच हुबी हाय." तिनं तो व्हिडिओ दाखवला. अजून चालतोय. त्या दिवशीही कुणीतरी त्यावर नाचलं होतं. मग तिनं हात जोडले. "तुमी गावोगाव फिरता. कुना धवलारनीला, कुना म्हातारीला तो धवला येत असंल, तर विचाराल का? वासरापासनं फुडं. नायतर नुसती शेवटची ओळ."

तेव्हापासून मी प्रत्येक गावात हे आख्यान लावतो. मला दुसरी आख्यानं येत नाहीत म्हणून नव्हे. विचारायचं असतं म्हणून.

तर बायांनो, आया-बहिणींनो, विचारतो. पाठवणीचा धवला. वासराचा निरोप, आणि त्यानंतरची ओळ, जी झाली की पोरीनं पाऊल टाकायचं. कुणाला येते? हात वर करा. लाजू नका. आवाज बसलेला असला तरी चालेल, मी कान लावीन.

अहो दादा, फोन कशाला वर करताय? माझा व्हिडिओ नकोय मला. बाजूला आई बसलीय ना तुमची? तिला विचारा.

काय म्हणते?

बघा, तिला सुरुवात येते. सुरुवात सगळ्यांनाच येते.

नाही कुणाला? मागं कुणी? मावशी, तुम्ही? नाही. बरं.

मृदंग राहू द्या, बुवा. आता गजर नको. मंडळी, घरी जा. ज्या घरात कुणी म्हातारं गुणगुणतंय तिथं आज फोन बाहेर ठेवून बसा, आणि ते संपवेपर्यंत उठू नका. मला हर्षालीला निरोप द्यायचाय, या गावातही नाही म्हणून.