वायर जुन्या घरात लावली त्याची गोष्ट

...नाही पण मला सांगा, माझं काय चुकलं? भिवंडीतली सगळी कामतघरची गल्ली मला हसते, सून हसते, तो मानकोलीचा केसरीनाथ तर पोट धरून हसला, पण चाळीस वर्षं ज्या माणसानं लूम चालवला त्यानं दुसरं काय केलं असतं? तुटलेला धागा लूमच्या फणीच्या ज्या घरातून, म्हंजे फटीतून, निघाला त्याच घरात परत ओवायचा, फणीत शेजारचं घर मोकळं दिसलं म्हणून तिकडं घुसवलात तर अख्ख्या कापडाला रेघ पडते, शेठ शिव्या घालतो. हे मला कोणी शाळेत शिकवलं न्हाय, शाळा मी बघितलीच न्हाय. हे हाताला माहीत हाय. आन् हातानं तेच केलं. सांगतो, सांगतो, घाई न्हाय...

तर माझी बायको तुळजा. तिला जाऊन दोन वर्षं झाली. आता तुम्ही बोलाल फोटो असेल भिंतीवर. हाय ना! पण तो रेशनकार्डावरचा मोठा करून घेतलेला, आन् मोठा करताना त्या फोटोवाल्यानं काय केलं देव जाणे, त्यात ती माझ्या आत्यासारखी दिसते. मी रोज सकाळी हार घालतो आन् मनात येतं, हा हार आत्याला चाललाय. हसू नका! तुम्हाला सांगतो, हसायची गोष्ट न्हाय ती, कारण हळूहळू माझ्या डोळ्यासमोर पण आत्याच यायला लागली. डोळे मिटले तर तुळजाचं नाक कसं होतं ते आठवेना. ज्या बाईनं माझ्यापुढं चाळीस वर्षं भाकर ठेवली तिचं नाक आठवेना! भीती वाटते हो अशा वेळी.

एकच आधार होता. आमच्या लेकीच्या, उन्नतीच्या हळदीची शूटिंग. दोन हजार एकचं लगीन. ती सीडी कधीच घासून गेली, पण माझ्या पोरानं, धनेशनं ती आधीच कॉम्प्युटरमधे भरून ठेवलेली, म्हणून वाचली. त्यात एका जागी तुळजा तोंड वळवून बोलायला लागते... आन् नेमकं तिथं चित्र अडकायचं! तिच्या तोंडाचे चौकोन चौकोन व्हायचे, जसं काही कोणी फरशा बसवतंय. आवाजपण तुटायचा, तिचं एक वाक्य कधी धड ऐकू आलं न्हाय; धनेश वैतागून पुढं ढकलायचा. मी बोलायचो, "अरे थांब, तिला वळू दे." तो बोलायचा, "बाबा, ती न्हाय वळत, कॉम्प्युटरची ताकदच तेवढी हाय."

मंग केसरीनाथ आला. मानकोलीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान हाय. पेटी उघडली, आत फुंकर मारली, बोलला, "काका, याला वेगळं ग्राफिक कार्ड न्हाय. चित्र काढायचं कामपण मदरबोर्डच करतो."

मी विचारलं, "म्हंजे एकच माणूस लूमपण चालवतो आन् सुताच्या कांड्यापण भरतो?"

तो बोलला, "काका, एकदम बरोबर! आपण कांड्या भरायला वेगळा माणूस ठेवू."

बघा, कळत न्हाय असं न्हाय मला!

तर शुक्रवारी दुपारी त्यानं ते कार्ड बसवलं. छोटंसं, त्याच्यावर एक भिंगरीएवढा पंखा. वायर लावली, हळदीची शूटिंग चालू केली. पाव्हणे यायला लागले, मांडव दिसला, काय साफ! पाव्हण्यातल्या महादूच्या सदऱ्याचं तुटलेलं बटनसुद्धा दिसलं. मी बोललो, तुळजा कुठं हाय? केसरीनाथ बोलला, "काका, ती पाऊण तासानं येते. हे असंच फिरत राहू द्या, संपलं की परत पहिल्यापासून लागेल, कार्ड तापतं का ते बघायचंय. मी दापोड्याला एक गोडाऊनचं काम करून येतो."

तो गेला. सून दिपालीनं झाडू काढला. झाडू वायरीत अडकला, वायर सुटली, चित्र गेलं. तिच्या ते ध्यानातच न्हाय, ती केर काढून पिठाच्या गिरणीत गेली. मी वाकून पाठीमागं बघितलं तर दोन भोकं. दोन्ही निळी, दोन्ही सारखी. एक वर, घासून घासून गुळगुळीत झालेलं, वर्षानुवर्षं ती वायर जिथं राहिली ते. एक खाली, कोरं. आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? मी वायर तिच्या घरात लावली. वरच्या. जिथं ती नांदत होती तिथं.

आन् समोर येऊन बसलो.

कॉम्प्युटरची काच काळी. एकदम काळी. फक्त त्या काळ्यात अक्षरांची एक छोटी पाटी फिरत होती. इकडून निघायची, काठाला जायची, थांबायची, वळायची, परत निघायची... जशी कोणी बाई अंधारात भिंत चाचपत दार शोधते. मला कुठं वाचता येतं? मी बघत राहिलो.

आता शुक्रवार म्हंजे काय ते बाहेरच्या माणसाला कळायचं न्हाय. शुक्रवारी भिवंडीचे लूम बंद. इतर दिवशी खटखट खटखट इतकी, की शेजारचा मेला तरी दुसऱ्या दिवशी कळावं, आन् शुक्रवारी दुपारी अशी शांतता, की स्वतःचे कान स्वतःला ऐकू येतात. त्या शांततेत, त्या काळ्या काचेतनं धवलारीण, आमची लग्नातली गाणी म्हणणारी बाई, गायला लागली. हळदीचे धवले! आमची ती धवलारीण तर तुळजाच्याही आधी गेलेली! चित्र न्हाय, माणूस न्हाय, नुसता गळा. मी उठलो, उदबत्ती लावली, परत बसलो. दुसरं काय करणार?

आन् मंग ती बोलली.

"अवं, तिकडं अंधारात काय बसलात? पुढं या की!"

तुम्हाला सांगतो, मी खुर्ची पुढं ओढली. ओढणारच ना!

"खाल्लं का दोन घास?"

मी बोललो, "खाल्लं गं. सुकट आन् भाकर."

"मंग हात का थांबले तुमचे?"

मी माझ्या हाताकडं बघितलं. मांडीवर पडलेले. लूम सोडला तेव्हापासून थांबलेच हायेत ते. बोललो, "वय झालं गं तुळजा..." आन् ती हसली. तीच! तेच हसू, शेवटी जरासं खोकल्यासारखं होणारं. नाक आठवत नव्हतं, पण हसू कसं विसरणार?

तेवढ्यात दारात माझी मेहुणी, हौसा. तुळजाची धाकटी बहीण, तिला बाय बोलायची. हातात वालाच्या शेंगा. आत पाय टाकला आन् आवाज ऐकला. शेंगा खाली!

"दाजी... बाय बोलते?"

"बोलते," मी बोललो. "दुपारपासून बोलते."

दुसरी कोण असती तर पळाली असती. पण हौसा म्हंजे हौसा! उन्नतीच्या लग्नापासून चार वर्षं तिच्या डोक्यात एकच किडा. ती पुढं आली, काचेसमोर हात जोडले आन् काय विचारावं? कशी हायेस, कुठं हायेस? छे! बोलली, "बाय, माझी पितळी परात कुठं गं ठेवलीस?"

आन् काळ्या काचेतनं उत्तर आलं: "मागच्या माळ्यावर, पोत्याखाली! किती वेळा सांगू गं तुला?"

मी उठलो न्हाय. हौसाच शिडी लावून चढली, पोतं ओढलं, त्या खडखडाटात काचेतलं पुढचं काही ऐकू आलं न्हाय, आन् परात घेऊन खाली. काठाला उन्नतीची हळद तशीच, वाळलेली, पिवळी. आम्ही दोघं त्या परातीकडं बघतो, परात आमच्याकडं बघते, आन् काचेतली ती पाटी आपली दार शोधत फिरतेय. हौसा हळूच बोलली, "दाजी, माझ्या गुडघ्याचं पण विचारू का?"

तेवढ्यात आला केसरीनाथ! उदबत्ती बघितली, हात जोडलेली हौसा बघितली, मागं वाकला आन् सुरू झाला हसायला. "काका! वायर जुन्या भोकात! नवीन कार्ड लावलं की जुन्यातून चित्र बंद! आवाजाची वायर जुन्याच जागेवर हाय, म्हणून तो आला. अहो, ती पाटी मघापासून बोंबलतेय, वायर बघा, वायर बघा!"

आता पाटीनं बोंबलायचं तर तोंडानं बोंबलावं ना! लिहून काय बोंबलते? माझं काय चुकलं?

त्यानं वायर खालच्या भोकात लावली, शूटिंग मागं नेली. "बसा, आता नीट बघा."

मी बोललो, "राहू दे रे." खरंच बोललो. पण त्यानं चालू केलं.

तुळजा आली. हिरवी साडी, हातात चहाची किटली. चौकोन न्हाय, अडकणं न्हाय, वाऱ्यासारखी चालत आली. मांडवाच्या खांबापाशी थांबली आन् बोलली, "अवं, तिकडं अंधारात काय बसलात? पुढं या की!" कोणाला? खांबाआड बसलेल्या बेंजोवाल्याला! त्यालाच विचारलं, खाल्लं का. त्यालाच विचारलं, हात का थांबले. तो लाजला, वाजवायला लागला, ती हसली. मंग एक बाई पळत आली, "बाय, माझी पितळी परात कुठं गं ठेवलीस?" चार वर्षं तरुण हौसा! दुपारी दोघींचा आवाज एकदमच आला होता, म्हणून कळलं न्हाय. खुर्चीवरच्या हौसानं काचेतल्या हौसाला बघितलं आन् पदर तोंडाला लावला.

केसरीनाथ हसून हसून खाली बसला. आन् मी मनात बोललो, बरोबर हाय. मला कशाला विचारेल ती खाल्लं का? मला नुसतं ताट सरकवायची. अख्ख्या दुपारी मी बेंजोवाल्याच्या जागेवर बसून उत्तरं दिली!

उठणार होतो मी. तेवढ्यात ती वळली. जिथं चौकोन व्हायचे ना, तिथं. चेहरा पूर्ण समोर. हे नाक! डावीकडं जरासं वाकडं, त्याच्यावर तो तीळ... कसा विसरलो होतो मी? डोळे थेट माझ्यावर. कपाळाला आठी. शूटिंगवाल्याच्या शेजारी त्या दिवशी मीच तर उभा होतो! घरात चिडीचूप, बाहेर एक लूम वाजत न्हाय, आन् ती काचेतनं माझ्याकडं बघून हात हलवून बोलली:

"तुम्ही बाजूला व्हा ओ, मधे येताय!"

आता काय करणार? चाळीस वर्षांची सवय. खुर्ची उचलली आन् बाजूला झालो.