मधूच्या राक्षसांची गावं

मंडळी, बसा. तो मागचा पंखा बंद करा कुणीतरी, त्याच्या खडखडाटात माझा आवाज जातो. उकडेल थोडं. मधूसाठी एवढं उकडून घ्या.

मला बोलायचं नव्हतं. माणूस गेला की त्याच्याबद्दल माइकवर बोलायचं, ही पद्धत मला पटत नाही. पण तासभर मी पुढच्या सतरंजीवर बसून तुमचं ऐकलं आणि मला कळेना, मी नक्की कुणाच्या शोकसभेला आले. एक म्हणाले, मधुकरराव शांत आणि मितभाषी. दुसरे म्हणाले, बँक ते घर आणि घर ते बँक. तिसरे तर म्हणाले, त्यांना कसला नाद म्हणून नव्हता.

अहो, हा कोण?

हा फोटोतला माणूस माझा धाकटा दीर. आमच्या ह्यांना इथे सुरतेच्या मिलमध्ये काम लागलं तेव्हा शाळकरी मधूला आम्ही खानदेशातून सोबत आणला. माझ्या हातच्या भाकरीवर वाढला. शांत? तो बोलायला लागला की भिंतीपलीकडून हंसाबेन विचारायच्या, झगडो थयो के शुं? आणि नाद नव्हता म्हणता? एकच होता, पण तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होता. आज कुणाच्या तोंडून निघाला नाही. लाज वाटली का? मग मी सांगते. मला वाटत नाही.

आणीबाणी उठली त्याच्या आसपास अमेरिकेतल्या भाच्याने मधूला एक पार्सल पाठवलं. मला वाटलं, घड्याळ असेल, निदान सेंट तरी. निघाली पुस्तकं. इंग्रजी. आत राक्षसांची चित्रं आणि भुयारांचे नकाशे. सोबत वेडेवाकडे फासे, नाना बाजूंचे. हंसाबेनच्या नवऱ्याची कतारगामला हिऱ्यांना पैलू पाडायची घंटी. त्याने एक फासा उजेडात धरला आणि म्हणाला, ‘आ हीरो कोणे बगाड्यो?’

खेळ असा. चारपाच जणांनी बसायचं. एकाने पुस्तक घेऊन आडोशामागे. तो सांगणार, तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात, आत अंधार आहे, ओलसर वास येतोय. काय करता? बाकीच्यांनी आपण कोण ते ठरवायचं, तलवारवाला, चोर, वैदू, काय पाहिजे ते, आणि काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं ते फाशावर. पट नाही, सोंगट्या नाहीत. आडोसा म्हणून साडीच्या खोक्याचं झाकण. त्याच्यामागे मधू. नुसते डोळे दिसायचे, आणि ते हसत असायचे.

मला त्या पुस्तकांचा राग यायचा. अजून येतो. जेवायला वाढलं तरी हा झोपाळ्यावर पालथा पडून वाचतोय. कुठला राक्षस, राहतो कुठे, खातो काय, एकटा असतो की कुटुंबकबिल्याचा, दिवसा झोपतो का. मी म्हटलं, ‘मध्या, कुणाच्या मुलीसाठी स्थळ बघतोयस का?’ तो म्हणाला, ‘वहिनी, स्थळाची माहिती देताना लोक खोटं बोलतात. इथे सगळं खरं लिहिलंय.’

एकदा मी चिडून विचारलं, ‘तुझं डोकं काय भाड्याने दिलंय? लहानपणी रोज नवी थाप मारायचास. आता परक्याचं छापील कशाला लागतं?’

त्याने पुस्तक मिटलं. एवढ्या प्रेमाने त्याने बँकेचं कुलूपसुद्धा कधी लावलं नसेल. म्हणाला, ‘वहिनी, माझ्या थापेत पुढे काय होणार ते मला आधीच माहीत असतं. मला कसली भीती वाटणार? ह्यात मी पान उलटतो आणि स्वतःच दचकतो. कुणी ना ओळखीचा ना पाळखीचा माणूस, तिकडे बसून खोली बांधतो, खोलीत पेटी ठेवतो, पेटीवर विंचू बसवतो. आणि निघून जातो. मी फक्त तुम्हाला दार उघडून आत सोडायचं, आणि बघत बसायचं.’

मी म्हटलं, ‘म्हणजे दुसऱ्याच्या विंचवावर तुझी मजा.’

म्हणाला, ‘अजून एक आहे. मी रचलेला राक्षस तुम्हाला मारून गेला तर तुम्ही महिनाभर माझ्याशी बोलणार नाही. छापलेल्याने मारलं तर पुस्तकाशी भांडा. मी मोकळा.’

असा होता तुमचा साधाभोळा मधुकरराव!

आता मी ह्यात कशी पडले? मी पडले नाही, मला पाडलं. चौथा माणूस कमी होता. हंसाबेन होत्या, आणि काशीनाथ आणि त्याची सुमन. काशीनाथ लूमवर काम करतो. ते बघा, दोघं मागे दाराशी उभे आहेत. तिथे का उभे आहेत ते मी सांगणार आहे. काशीनाथ, जाऊ नकोस.

पहिल्याच खेळात गुहेच्या मध्यात एक एकाक्ष राक्षस बसलेला. हातात झाडाएवढं दांडकं. काशीनाथने तलवार काढली. सुमनने बाण लावला. हंसाबेन म्हणाल्या, ‘हुं तो भागी जाउं छुं.’ मधू माझ्याकडे वळला. ‘वहिनी, काय करता?’

आता तुम्ही सांगा. इतकी वर्षं आपण सुरतेत राहतो. कुणी मराठी बोलताना कानावर आलं तर पहिलं काय विचारतो? बसमध्ये, दवाखान्यात, भाजीच्या गाडीवर? मी तेच विचारलं. त्या राक्षसाला आपल्या अहिराणीत म्हटलं, ‘का रे भाऊ, तुन्हं गाव कोनतं शे?’

मधू थांबला. पान उलटलं. परत उलटलं. मागचं बघितलं. म्हणाला, ‘वहिनी, हे दिलेलं नाही.’

‘तुझ्या पुस्तकात नसेल. त्याला तर माहीत असेल ना? त्याला विचार.’

‘वहिनी, तो राक्षस आहे.’

‘म्हणून काय आभाळातून पडला?’

सुमन एवढी हसली की हातातला चहा सांडला. मधूने पुस्तक बाजूला ठेवलं. मग झाकणाच्या मागून जाड आवाज आला. ‘नदीपलीकडचा मी. मुकादमाने आणलं भुयार खणायला. खणून झालं, मुकादम गेला, परतीची वाट कुणी दाखवलीच नाही.’

मंडळी, तलवारी म्यान झाल्या. काशीनाथने त्याला शेजारी बसवून भाकरी दिली, आणि आम्ही त्या राक्षसाला बारडोलीला ऊसतोडीवर लावून दिला. छापलेल्या लढाईचं काही झालं नाही. मला वाटलं, मधू रागावेल. तर तो रात्री जेवताना एकटाच हसत होता. म्हणाला, ‘वहिनी, त्या लिहिणाऱ्याने सगळा विचार केला. तलवार चालली तर काय, विष घातलं तर काय, पळून गेले तर काय. तुमचा विचार त्याला करता आला नाही. ह्याच्यासाठीच छापील लागतं. भिंत पक्की असल्याशिवाय तिला भगदाड पाडण्यात काय मजा?’

तेव्हापासून प्रत्येक राक्षसाला गाव. आठ पायांच्या कोळ्याला गाव, तीन तोंडांच्या कुत्र्याला गाव. मधू आदल्या दिवशीच पेन्सिल घेऊन चित्राखाली लिहून ठेवायचा, कारण मी विचारणार हे त्याला पक्कं ठाऊक.

आता तुमच्याकडे येते. अण्णासाहेब, तुम्ही आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष आहात, खुर्चीत नीट बसा.

हा खेळ आधी ह्याच हॉलमध्ये चालायचा. त्या खिडकीपाशी, रविवारी दुपारी. तेव्हा कुणाला अडचण नव्हती. कोण खेळतं ते कुणी बघितलंच नव्हतं. मग एका रविवारी अण्णासाहेब सहज डोकावले. काशीनाथ तिथे माठापाशी पेला घेऊन उभा. अण्णासाहेबांनी विचारलं, ‘गाव कुठलं तुमचं?’

तोच प्रश्न. शब्दाला शब्द तोच. मी राक्षसाला विचारला तो, आणि तुम्ही माणसाला विचारला तो. मी विचारला होता त्याला बसवून घ्यायला. तुम्ही कशासाठी विचारला ते आम्हाला कळलं, अण्णासाहेब. गावानंतर आडनाव येतं आणि आडनावानंतर माठ धुतला जातो.

काशीनाथ काय म्हणाला ते आठवतं का? म्हणाला, ‘साहेब, गाव सांगतो. आधी पाणी पिऊन घेतो.’

प्यायला. सगळ्यांच्या देखत, सावकाश प्यायला. पुढच्या रविवारी हॉलला कुलूप. कारण काय दिलं? भुताखेताची पुस्तकं, पोरांवर वाईट परिणाम, मंडळाच्या वास्तूत हे शोभत नाही. आम्ही खेळ माझ्या स्वयंपाकघरात नेला. तिथला माठ माझा आहे, आणि माझ्या माठाला अध्यक्ष नाही.

आणि आज त्याच हॉलमध्ये मधूच्या फोटोला एवढा मोठा हार. आणि आता थोड्या वेळापूर्वी अण्णासाहेबांनी जाहीर काय केलं? मधुकररावांना ही पुस्तकं प्राणाहून प्रिय होती, म्हणून दशक्रियेला ती त्यांच्याबरोबर तापीत सोडावीत. काय पण माया! जिवंतपणी हॉलमध्ये नको होती, आता एकदम तीर्थाला न्यायला निघालात. आणि आमचा अविनाश, मधूचा मुलगा, ह्याने मान हलवली. अविनाश, वर बघ. बापाचा खेळ लोकांना पोरकट वाटतो म्हणून तू कॉलेजच्या मित्रांना घरी आणत नव्हतास, ते मला माहीत आहे. तुझी आई काही बोलणार नाही, तिच्यात आज बोलायचं बळ नाही. मी बोलते. पुस्तकं तापीत जाणार नाहीत. ती माझ्या डाळीच्या डब्यामागे आहेत, आणि माझ्या डाळीच्या डब्याला हात लावणारा अजून जन्माला यायचाय.

का नाही जाणार? ऐका. मला ती पुस्तकं आवडतात म्हणून नाही. मला त्यातलं अक्षर कळत नाही, आणि चित्रं तर बघवत नाहीत. माझं काम राहिलंय म्हणून.

गेल्या रविवारी आम्ही त्या भुयाराच्या शेवटच्या दारापाशी पोहोचलो. दारावर दगडाचा माणूस. काशीनाथने तलवार काढलीसुद्धा नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. मी नेहमीसारखं विचारलं, तुन्हं गाव कोनतं? झाकणामागून मधूचे डोळे चमकले. त्याने दगडाचा आवाज काढला. ‘मी इथलाच. ह्याच डोंगराचा. आणि तुम्ही कुठल्या?’

मंडळी, इतक्या राक्षसांना विचारलं, उलटा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी माहेरचं गाव सांगायला तोंड उघडलं, तर मधू म्हणाला, ‘थांबा वहिनी. दारापाशी खोटं बोललं तर दार उघडत नाही. हे मी नाही म्हणत, छापलंय.’

‘खोटं काय त्यात? माझा जन्म तिथला.’

‘आता तिथे कोण आहे तुमचं?’

कुणी नाही. सासरच्या गावाला घर होतं, त्याचा आता दगड उरलेला नाही. तिथे गेले की म्हणतात, सुरतवाली आली. आणि इथे? इथे दुकानात साखर मागायला तोंड उघडलं की विचारतात, तमे क्यांना, तुम्ही कुठल्या? मी चिडले. म्हटलं, ‘मध्या, खेळात असले प्रश्न विचारतात का?’ हंसाबेन म्हणाल्या, ‘बेन, बोलो ने, दार खोलो, मारे रसोई बाकी छे.’ मला बोलता येईना. मला! मधूने फासे गोळा केले. म्हणाला, ‘घाई नाही, वहिनी. दगड आहे, थांबेल. पुढच्या रविवारी सांगा.’

बुधवारी तो बँकेत खुर्चीतच गेला.

दगड थांबला. हा नाही थांबला. छापलेल्याने मारलं तर पुस्तकाशी भांडा म्हणायचा. आता मी कुठल्या पुस्तकाशी भांडू?

तर अविनाश, तुला इंग्रजी येतं, मला येत नाही. रविवारी दुपारी तू झाकणामागे बसशील. पहिल्यांदा आवाज घोगरा निघेल, निघू दे, तुझ्या बापाचाही निघायचा. काशीनाथ येईल, सुमन येईल, हंसाबेन स्वयंपाक उरकून येतील. अण्णासाहेब, तुम्हीही या. तुमच्यासाठी एक पेला घासून ठेवते. माठ तोच, सगळ्यांचा.

आता मला सांगितलंय, शेवटी सगळ्यांना दोन मिनिटं उभं करायचं. उभे राहा. काशीनाथ, सुमन, दाराशी नाही, इथे पुढे या, मधूच्या फोटोसमोर. सरका हो जरा, जागा करा.

घड्याळाकडे बघत उभं राहायचं असेल तर आत्ताच घरी जा. मधूची शांतता वेगळी होती. तो म्हणायचा, ‘काय करता?’ आणि मग झाकणामागे वाट बघत बसायचा, आणि आम्ही सगळे गप्प, कारण आता जो बोलेल त्याला ते करावं लागणार. ती शांतता पाळा. प्रत्येकाने आपापल्या दारापाशी.

मधू, तुला नमस्कार. वयाने वडील मी, तरी करते. तू पुढे गेलास, तिथे तू मोठा.

आणि ऐक. बुधवारपासून तोच विचार करतेय. खोटं बोलत नाही.

मन्हं गाव सुरत शे.

उघड दार.