मूठ कोणी मिटायची

बाई: मान दुखत असेल ना?

नवरा: कोणाची?

बाई: तुमची. आजचा तिचा अख्खा सराव-पाठ डावीकडे वळवून बसला होतात.

नवरा: ती डावीकडे उभी होती.

बाई: उभं राहायची जागा मध्ये आहे. तुमच्या बरोबर मागे. जमिनीवर खडूने फुली मारलीये मी, ती काय शोभेला?

नवरा: कॉलेजने मला पियानो वाजवायला ठेवलंय. कोण कुठे उभं राहतं ते तुझं खातं. मुलांना उभं करायची ती लाकडी पायरी धर त्या टोकाला. उचलून भिंतीशी लावू.

बाई: उद्याच्या शिक्षिका घडवतेय मी इथे. मुलांकडून गाऊन कसं घ्यायचं ते शिकवतेय. इतकी वर्षं त्या फुलीवर उभी राहून हात हलवतेय. एकदा तरी मान वळवलीत? माझ्या वेळी नाक पियानोत. आणि ही कुजबुज आली की—

नवरा: तिचं नाव कुजबुज नाहीये.

बाई: तिच्या मैत्रिणींनी ठेवलंय, मी नाही. एवढुसा आवाज काढते ना. आणि पोरंही कान टवकारून गप्प! याच पोरांना गप्प करता करता माझा घसा फाटला.

नवरा: तेच. तिला ओरडायची गरज—

बाई: थांबा. पुन्हा म्हणा. "तेच"वर एवढा जोर नको.

नवरा: मी तुझा विद्यार्थी नाही गं.

बाई: असतात तर बरं झालं असतं. वर तरी बघितलं असतंत. पाय सांभाळा. ठेवा खाली.

नवरा: ठेवली. आता सरळ बोल. झालंय काय?

बाई: उद्या मुख्याध्यापिकांना नाव सांगायचंय. शाळेतला माझा गानवृंद पुढे कोणी सांभाळायचा, त्याचं.

नवरा: मग? तुझं तर ठरलंच होतं. गेल्या आठवड्यापर्यंत जेवतानासुद्धा तेच. "पोरीला कान आहे, पोरीला कान आहे." आमटी गार होत होती.

बाई: गेल्या आठवड्यापर्यंत ती आपल्या मैत्रिणींनाच मुलं समजून शिकवत होती. माझ्या गानवृंदातली खरी मुलं आज दिली तिच्या हातात.

नवरा: आणि तुझ्या पोटात दुखायला लागलं.

बाई: कशाला दुखेल? मीच शिकवलंय ना तिला? तो श्वाससुद्धा माझाच. गाण्याआधी आपण दिसेल असा श्वास घ्यायचा, की मुलं तो उचलतात. तिने घेतला, आणि माझी सगळी पोरं एकदम फुगली. फुग्यांसारखी. माझ्यासाठी कधी फुगली अशी?

नवरा: फुगतात की. घाबरून.

बाई: हसू नका. मी फौजदाराचं नाव देणार आहे.

नवरा: त्या उंच मुलीचं? अगं, ती गाऊन घेते की चौकातली वाहनं हाकते तेच कळत नाही.

बाई: पण थांबवते. हिला थांबवता आलं नाही. शेवटचा सूर आठवतोय? मूठ मिटायची, की आवाज बंद. साधा नियम. सुरू काय, कोणीही करतं! हिने मूठ मिटलीच नाही, आणि पोरं बिचारी सूर ताणत राहिली. पुढच्या रांगेतला तो दातपडका लालबुंद झाला होता. शेवटी मी मागच्या बाकावरून मूठ मिटली, तेव्हा सुटली.

नवरा: खरंय. तू मिटलीस तेव्हा सुटली.

बाई: आणि तुमचं तर विचारूच नका. पोरं गातायत आणि पियानो आधीच बंद! तिच्या नादात तुमचंही चुकलं.

नवरा: माझं नाही चुकलं.

बाई: काय?

नवरा: पुन्हा म्हणू? जोर न देता? माझं नाही चुकलं. तिने मूठ मिटली. मी थांबलो.

बाई: तिने मिटली नाही.

नवरा: मिटली. मान मोडेपर्यंत मी तिच्याकडेच बघत होतो ना? तूच म्हणालीस. तू कुठे बघत होतीस?

बाई: मी... मुलांकडे. मग पोरं का नाही थांबली?

नवरा: कारण पोरं तुझ्याकडे बघत होती. शेवटची ओळ आली की बाईंचा हात बघायचा, ही त्यांची सवय. आणि तू अगदी समोर बसलेली.

बाई: मला काय माहीत, ती माझ्याकडे—

नवरा: माहीत होतं.

बाई: तुमची पाठ होती माझ्याकडे. पाठीला डोळे आहेत?

नवरा: आहेत. इकडे ये. माझ्या जागेवर बस. बस गं. आता पियानोची ही समोरची काळी फळी आहे ना, तिच्यात बघ. काय दिसतं?

बाई: खिडकी. दिवा. शेवटचं बाक.

नवरा: आणि मध्ये?

बाई: ...माझी फुली.

नवरा: मान कशाला वळवू मी? रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन फळी पुसतो, ते काय लाकडावर प्रेम म्हणून?

बाई: कधी बोलला नाहीत ते.

नवरा: बोललो असतो तर तू हात हलवायचा सोडून केस सारखे करत बसली असतीस. ती बाजूला उभी राहिली, फळीत मावेना, म्हणून वळावं लागलं. एवढंच.

बाई: म्हणजे आजसुद्धा...

नवरा: आजसुद्धा. थांबलो, मान सरळ केली, तर फळीत तू. पोरं तुझ्याकडे बघतायत, तू पोरांकडे. हात मांडीवर. उघडा. तो किती वेळ तसा ठेवलास, ते तुझं तुला माहीत.

बाई: एवढं बघत होतात, तर तेवढं नसतं बघितलंत तरी चाललं असतं.

नवरा: बघायचं म्हटलं की सगळंच दिसतं गं.

कुजबुज: बाई, आत येऊ?

बाई: मोठ्याने.

कुजबुज: आत येऊ का? माझी पाण्याची बाटली राहिलीये.

बाई: बाटली न्यायला आलीस, की काय ठरलं ते विचारायला?

कुजबुज: दोन्ही.

बाई: बाजूला का उभी राहिलीस? फुली दिसली नाही?

कुजबुज: दिसली. पण तिथे उभी राहिले असते तर मुलांनी माझ्या खांद्यावरून तुमच्याकडेच बघितलं असतं. म्हटलं, बाजूला गेलं तर निदान मान वळवावी लागेल त्यांना. वळवलीही. पण शेवटची ओळ आली, आणि गेल्या परत सगळ्या माना.

बाई: मग तू काय केलंस?

कुजबुज: मूठ मिटली. कोणी थांबेना. सर तेवढे थांबले. मग मीही तुमच्याच हाताकडे बघत राहिले.

बाई: रडू आलं असेल.

कुजबुज: नाही बाई. जळले. खरं सांगते. एवढी मुलं तुमच्या नुसत्या हातासाठी गुदमरायला तयार. हात काही करत नव्हता, तरीसुद्धा. मला वाटलं, मी जन्मभर शिकवलं तरी माझ्यासाठी कोणी असं ताणून धरेल का?

नवरा: घ्या. जळण्याची साथच आलीये.

बाई: तुम्ही गप्प बसा. आणि या, तुमच्या जागेवर बसा. शेवटचा सूर द्या. मी गाते. तू मूठ मिट गं.

कुजबुज: मी? तुम्हाला?

बाई: मुलं घरी गेलीत. आता जे आहे त्यावर भागव. फुलीवर नको! बाजूलाच राहा, मघासारखी.

(बाई पायरीवर चढतात. सूर लांबतो. कुजबुज मूठ मिटते. पियानो थांबतो. बाईंचा आवाज थोडा नंतर.)

नवरा: उशिरा.

बाई: ऐकू आलं मला. पुन्हा.

कुजबुज: बाई, राहू दे ना. तुम्ही मला काही दाखवायला नको—

बाई: पुन्हा म्हटलं ना. आणि ती मूठ अर्धवट मिटू नकोस, माझी भीड वाटून. माशी पकडल्यासारखी मिट.

नवरा: सूर देतो.

बाई: द्या.

नवरा: ...हं. आता एकत्र थांबलो.

बाई: कान आहे पोरीला. मी आधीपासून सांगतेय.

नवरा: आमटी गार होईपर्यंत.

कुजबुज: म्हणजे बाई, मी...?

बाई: सकाळी माझ्याबरोबर मुख्याध्यापिकांकडे यायचं. काय झालं ते मी सांगेन. तू तिथे कुजबुजू नकोस, त्यांना कमी ऐकू येतं.

कुजबुज: पण मुलं पुन्हा तुमच्याकडेच बघतील.

बाई: मी बाहेर असेन. तुझ्या तासाला दार लावून घेत जा. खिडकीसुद्धा. माझा भरवसा नाही.

कुजबुज: मग तेव्हा तरी फुलीवर उभी राहू?

बाई: नको. तू बाजूलाच बरी.

नवरा: माझी मान मोडेल.

बाई: मोडू दे. तिच्या तासाला तिच्याकडेच वळून वाजवा. आणि अहो...

नवरा: काय?

बाई: फळी रोज पुसत जा.