टीव्हीवर बाबांचे मोजे दिसत नाहीत

नाही, पण तुम्हीच सांगा, बायरामच्या, म्हणजे ईदच्या सकाळी नमाज आटोपून माणूस मशिदीबाहेर येतो आणि आदल्याच दिवशी घेतलेले त्याचे नवेकोरे बूट जागेवर नसतात, तर त्याने चेहरा कसा करायचा? हसायचं? नाचायचं? माझ्या बाबांनी जो केला तोच कुणीही केला असता! भुवया एकत्र, जबडा घट्ट, डोळे गर्दीतल्या कुणाच्या तरी पायांवर रोखलेले... आणि नेमका त्याच वेळी समोर टीव्हीवाल्यांचा कॅमेरा. तोही कंबरेपर्यंतच! अहो, जरा खाली आणला असता तर अख्ख्या ऑस्ट्रेलियाला दिसलं असतं की हा माणूस कुणाच्या जिवावर उठलेला नाही, मेलबर्नच्या थंडीत गारठलेल्या फरशीवर बुटांशिवाय उभा आहे. मोजे होते हो खाली, मोजे!

ती क्लिप तेव्हापासून त्या वाहिनीच्या कपाटात पडून आहे, आणि जगात कुठेही काही झालं की बाहेर निघते. आफ्रिकेत बॉम्ब फुटला, बाबा. युरोपात कुणी गर्दीत गाडी घातली, बाबा. एकदा तर हलाल मटणाच्या भावावर चर्चा होती, तिथेही बाबा! तुम्हाला सांगते, रिफात कोजाब्युक हा माणूस जन्मात तुर्कस्तान आणि मेलबर्नमधलं आमचं ब्रॉडमेडोज सोडून तिसरीकडे गेलेला नाही, पण टीव्हीवर बघाल तर पाचही खंडांत घटनास्थळाच्या आसपास घुटमळताना दिसतो.

आणि आम्ही काय करत होतो? हसत होतो! आई द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळता गुंडाळता मान वर करून म्हणायची, "रिफात, लागलास बघ. हा कोट तुला शोभायचा, उगाच देऊन टाकलास." मी म्हणायचे, तक्रार करूया. तर बाबा म्हणणार, "जाऊ दे गं, सेविल. कोण बघतंय?"

कोण बघतंय? सगळे बघतायत!

बाबा शाळेची बस चालवतात. कोणत्या पोराला कोणत्या वळणावर मळमळतं हे त्यांना पाठ. ते वळण आलं की ते बस अशी वळवतात, जशी मांडीवर झोपलेल्या मांजराला धक्का न लावता माणूस पाय हलवतो. बरं, आता ऐका. गेल्या हिवाळ्यात पलीकडच्या राज्यात एका चर्चच्या अंगणात जत्रा होती, आणि एक माथेफिरू देवाचं नाव घेत चाकू घेऊन आत शिरला. पाच जण जखमी. त्यातल्या एक आजी केक विकत बसल्या होत्या. मी त्या आजींचं नाव शोधून काढलं, त्या वाचणार की नाही हे सारखी फोनवर बघत होते, कारण केक विकणारी बाई म्हणजे... म्हणजे तुमची-माझी कुणाचीही आजी झाली ना ती! आणि संध्याकाळच्या बातम्यांत काय दिसावं? आजींचा फोटो, चाकूचा फोटो, आणि त्यांच्यामध्ये बाबा!

झालं. बसमधल्या एका मुलाच्या आईने टीव्ही थांबवला, फोटो काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला: 'हा आपला बसवाला ना?' सकाळी मॅनेजरचा फोन. "रिफात, काही दिवस घरीच राहा. तुझ्यावर कसलाही आरोप नाही बरं का. फक्त तो चेहरा... पालक घाबरलेत."

फक्त चेहरा! म्हणजे चेहरा घरी ठेवून बाकीचे बाबा कामावर पाठवायचे होते का?

बाबा काही बोलले नाहीत. तेच तर! बोलत नाहीत ना! पहाटे अंधारात उठायचे, गणवेश चढवायचे, बाहेर जाऊन आपल्याच गाडीत बसायचे, इंजिन तापवायचे, बंद करायचे आणि परत येऊन चहा मागायचे. मी खिडकीतून बघायचे, आणि तुम्हाला सांगते, मला त्या चाकूवाल्याचा जितका राग आला तितकाच त्या कपाटातल्या क्लिपचा आला. अरे, मोजे होते हो खाली!

मग मी गेले मुहित्तिनकाकांकडे. काका आमच्या मशीद समितीचे अध्यक्ष, मला आठवतंय तेव्हापासून. क्लबमध्ये ठोकळ्यांचा डाव मांडून बसले होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणतात, "निषेध पाठवला, पोरी! सगळ्यांच्या आधी आपला पोचला." हा त्यांचा अभिमान! हल्लेखोराचं नाव कळायच्या आधी यांचा निषेध वाहिनीच्या दारात हजर. एकदा कारखान्यात गॅसची टाकी फुटली, साधा अपघात, तिचाही निषेध केला होता यांनी!

मी म्हटलं, "काका, निषेध झाला. आता बाबांच्या क्लिपबद्दल बोला ना वाहिनीशी. आणि दुसरं, आपली पोरं रात्रंदिवस फोनवर ज्या दाढीवाल्या भाषणबाजाला ऐकतात, त्याच्याबद्दलही एकदा मशिदीत मोकळेपणी बोलूया. तो काय विष पाजतो ते ऐकलंय मी."

"बोलू की. पण आत्ता वेळ बरी नाही."

"मग कधी?"

"जरा निवळू दे."

"निवळलं की म्हणता, आता गरज काय!"

"सेविल," काका ठोकळा खाली ठेवत म्हणाले, "तुझ्या वयाचा असताना मीही असाच तडतडायचो."

आणि बघा त्याचं काय झालं, असं अगदी जिभेवर आलं होतं... गिळलं. आईने सांगून ठेवलं होतं ना, काकांशी नीट बोल.

तेवढ्यात वाहिनीचाच फोन! टेगन नावाची मुलगी, चर्चेला माणसं गोळा करणं हे तिचं काम. आवाज असा गोड, जसं काही लग्नाचं बोलावणं करतेय. "सेविल, धर्म, दहशत आणि माध्यमांची जबाबदारी यावर थेट चर्चा आहे. आम्हाला तरुण आवाज हवाय. तू चिडलेली आहेस ना?"

"आहे."

"वा! तो राग जपून ठेव हं, गुरुवारी लागणार आहे."

मी काय दूध आहे का, गुरुवारपर्यंत फ्रिजमध्ये ठेवायला? पण मी गेले. का गेले? कारण मी म्हटलं, बाबांची क्लिप काढणार असाल तरच येते. ती म्हणाली, "त्यावर नक्की नक्की बोलूया." आणि मी, जी माध्यमशास्त्र शिकले, 'माध्यमांची जबाबदारी' याच विषयात वर्गात पहिली आले, तेव्हा बाबांनी अख्ख्या बसडेपोला बकलाव्याची मिठाई वाटली होती... ती मी, 'नक्की नक्की'वर विश्वास ठेवून मोकळी झाले!

स्टुडिओत ब्रेट हॅलोरन, चर्चा चालवणारा. केस असे की त्यांना वेगळी खुर्ची द्यावी. एका बाजूला एक निवृत्त सुरक्षातज्ज्ञ, दर वाक्याला "मुळाशी जायला हवं" म्हणणार आणि जाणार कुठेच नाही. दुसऱ्या बाजूला एक माजी मंत्री, "मी स्पष्टच बोलतो" म्हणून दहा मिनिटं धुकं सोडणार. आणि मधे मी. प्रेक्षकांत पहिल्याच रांगेत मुहित्तिनकाका, दोन्ही हातांनी खुणा करतायत: हळू, हळू.

ब्रेट वळला माझ्याकडे. "सेविल, या हल्ल्याचा तू निषेध करतेस?"

"करते."

"पूर्णपणे?"

"अर्धा कसा करतात?"

लोक हसले. ब्रेट नाही हसला. "पण तुमच्या समाजातून आवाज का उठत नाही?"

मी म्हटलं, "उठतो की, तुमच्यापर्यंत सगळ्यात आधी पोचतो. पण खरं बोलायचं तर तेवढ्याने भागत नाही, आमच्यातल्या पोरांना कोण भडकवतं यावर आमचे वडीलधारे गप्प बसतात, आणि मला त्यावर..."

"आपण एक छोटी दृश्यफीत बघूया," ब्रेट म्हणाला.

आणि माझ्या मागच्या त्या भिंतीएवढ्या पडद्यावर... सांगू? बाबा! एवढे मोठे! भुवई माझ्या हाताएवढी! खाली पट्टी: 'धगधगता राग'. घरी बाबा बघतायत, आई बघतेय, तो मॅनेजर बघतोय, पालकांचा अख्खा ग्रुप बघतोय. समोर काकांचे हात हवेतच थांबलेले. आणि मी उठले हो, खुर्चीतून उठले, तो छातीवरचा माईक खाली लोंबतोय, आणि त्या पडद्याकडे बोट दाखवून ओरडले, "ते माझे बाबा आहेत! त्यांचे बूट चोरीला गेले होते! कॅमेरा खाली घ्या! मोजे आहेत खाली, मोजे!"

प्रेक्षकांत कुणीतरी वाकून स्वतःचे बूट बघितले.

मग ब्रेट शांतपणे म्हणतो, "म्हणजे ते चिडलेले होते हे तू मान्य करतेस."

काय करायचं या माणसाचं? काय करायचं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुःखाचं नव्हे, संतापाचं, पण कॅमेऱ्याला फरक कळतो का?

पण गंमत ऐका. दुसऱ्या दिवशी माझं ते ओरडणं सगळीकडे. लोक बाबांच्या बाजूने! कुणीतरी वाहिनीच्या दारात बुटांचा ढीग आणून ठेवला. पालकांच्या ग्रुपवर माफी. फोटो टाकणारी ती आईच स्वतः केक घेऊन दारात आली आणि रडली, आणि माझ्या आईने तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मॅनेजर म्हणाला, "रिफात, सोमवारपासून ये." आणि त्या केकवाल्या आजी घरी गेल्या, कठड्याला धरून चालतात म्हणे. मला वाटलं, जिंकलो आपण! काकासुद्धा म्हणाले, "आरडाओरडा केलास, पण बरा केलास."

आणि टेगनचा फोन, तोच गोड आवाज. "आम्हाला फार वाईट वाटतंय. ती जुनी क्लिप कायमची काढून टाकतोय. तिच्या जागी तुझ्या बाबांची नवी घेऊया. छान, हसरी!"

हो म्हणणारी कोण? मीच! पदवीधर!

आले ते कॅमेरा घेऊन. बाबा अंगणात खुर्चीवर, हातात चहाचा पेला, नवा शर्ट. टेगन म्हणते, "हसा ना." बाबा हसतात, पण ते दाढ दुखल्यासारखं. पुन्हा. पुन्हा. शेवटी आई कॅमेऱ्यामागून म्हणाली, "रिफात, तुझ्या पायांकडे बघ, बूट आहेत ना अजून?" आणि बाबा जे हसले... तुम्हाला सांगते, पोट धरून, डोळे मिटून, दात न् दात दिसेपर्यंत. इतकी वर्षं मी त्या माणसाला बघतेय, असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. यावेळी तर कॅमेऱ्याने पायापर्यंत सगळं घेतलं. मी म्हटलं, सुटलो.

पुढच्याच महिन्यात परदेशात एका प्रार्थनास्थळात स्फोट झाला. खूप माणसं गेली. संध्याकाळी टीव्ही लावला. खाली काळी पट्टी, मृतांचा आकडा, मागे रडणाऱ्या बायकांचा आवाज... आणि वर माझे बाबा. चहाचा पेला हातात. पोट धरून हसतायत!

आईने टीव्ही बंद केला, पण ते दात दिसतच राहिले मला, त्या काळ्या काचेत.

टेगनला फोन केला तर म्हणते, "अगं, कपाटात 'समाज, सकारात्मक' या नावाखाली ती एकच होती गं..." मॅनेजरचाही फोन आला. यावेळी त्याचा आवाज खरंच थरथरत होता. "रिफात, मी तुझ्या बाजूचा आहे, देवाशपथ. पण माणसं मेली आहेत रे, आणि तू..." मुहित्तिनकाकांनी ताबडतोब निषेध पाठवला. स्फोटाचाही, आणि हसण्याचाही!

आता बाबा रोज संध्याकाळी आरशासमोर उभे राहतात. मी विचारलं, "काय करताय?" म्हणाले, "तुझं ओरडून झालं, माझं हसून झालं. आता तिसरं काहीतरी बघतो." भुवया किंचित वर, मग किंचित खाली. ओठ मिटलेले, पण घट्ट नाहीत. ना राग, ना हसू, ना दुःख. मी, जिला प्रत्येक गोष्टीवर मत असतं, मी दारात उभी राहून त्यांना सांगत होते, "डावा गाल थोडा कमी, बाबा... हां, आता काहीच नाही वाटत. असेच राहा." आणि टेगनला पुन्हा बोलावलंय, हा चेहरा टिपायला, येतेय ती बुधवारी.

तेव्हा पुढच्या वेळी कुठे काही झालं की टीव्हीवर नीट बघा. ज्या माणसाच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काहीच दिसणार नाही, ते माझे बाबा. फार मेहनत घेतलीय त्यांनी. आणि चर्चेचा विषयसुद्धा मला आत्ताच ठाऊक आहे: 'यांना काहीच कसं वाटत नाही?'